अण्णांना ऐकू येईल असं

परळी वैजनाथ
१२ जानेवारी २०२५

प्रिय बाळू,

जय भीम.

तुझा पत्ता तुझ्या ढोलकीवाल्या म्हाळूनं दिला. देत नव्हता. "ताई, त्यानं सांगितलंय, घरच्यायला देऊ नको," म्हणाला. मी त्याच्या वीटभट्टीवर जाऊन बसले, चहा आला तरी उठले नाही, तेव्हा दिला. त्याला काही बोलू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या दाजींचाही केलास, म्हणून आता कागद. बारावीनंतर एवढं सलग मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

भांडायला लिहीत नाही. एक साधी गोष्ट विचारायची आहे.

मायचा तो छोटा प्लेअर आठवतो ना? निळा, काडेपेटीएवढा. गायन पार्टीच्या पहिल्या मानधनातून तूच तिला घेऊन दिला होतास. तू गेल्यावर तिनं म्हाळूकडून तुझी सगळी गाणी त्यात भरून घेतली. भाकऱ्या थापताना तो कमरेला खोचलेला असायचा आणि वायर पदराखालून कानात. माय गेली आणि अण्णांनी तिच्या लुगड्यांना, भांड्यांना, कशालाच हात लावला नाही. फक्त हा प्लेअर उशाला घेतला.

गेल्या रविवारी सिरसाळ्याला घरी गेले तर अण्णा म्हणाले, "वने, हे बंद पडलंय. ह्याच्यात आवाजच न्हाई."

मी लावून बघितलं. उजवीकडचा गेलेला होता, डावीकडचा चालू होता. वायर पिनेपाशी तुटायला आलेली आणि तिथं मायनं शिवणाचा काळा दोरा गुंडाळलेला. मी म्हणाले, अण्णा, डाव्या बाजूला येतंय की. त्यांनी ते कानात घातलं, थोडा वेळ धरलं आणि काढून ठेवलं.

"न्हाई. बंद हाय."

तर नवीन इअरफोन घ्यायचे आहेत. तू या लाईनीतला, तुला कळतं, मला कळत नाही. ब्लाऊज शिवून मला जे मिळतं त्यात बसेल असं, स्वस्तातलं पण टिकणारं सांग. अण्णांना तुझी गाणी ऐकायची आहेत. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण खरं आहे म्हणून राहू दिलं.

अण्णा बरे आहेत. जेवतात. जरा हट्टी झालेत, एवढंच.

काही लिहावंसं वाटलं नाही तर नुसतं नाव कळव, कुठले घेऊ ते.

तुझी आक्का,
वनिता


परळी वैजनाथ
३० जानेवारी

प्रिय बाळू,

पत्र पोचलं नसेल असं धरून चालते.

वाट बघून मीच दुकानात गेले. स्टेशन रोडला हनुमान म्हणून एकाचं मोबाईलचं दुकान आहे, आमच्या गल्लीतलाच आहे तो. भिंतभर पाकिटं टांगलेली. गळ्यात अडकवायचे, बिनवायरचे, डबीत ठेवायचे. "ताई, वायरचं आता कोण घेतंय? हे न्या," म्हणाला. मी प्लेअर पुढे केला. त्यानं उलटसुलट करून बघितला आणि हसला. "हे कुठून काढलं? ह्याला तर गोल पिनच लागती." मग काउंटरखालून धूळ बसलेलं खोकं काढलं.

त्यात दोन प्रकार निघाले. एक जुन्या तऱ्हेचे, नुसते कानावर टेकणारे. दुसरे रबरी बोंडाचे, कानात घट्ट बसणारे. बोंडाचे घेतले तर बाहेरचा गलका आत येत नाही आणि आतलं गाणं बाहेर सांडत नाही, असं त्यानं सांगितलं. मी त्यातले सगळ्यात स्वस्त घेतले. दुकानात त्याच्या मोबाईलला लावून बघितले, छान चालत होते.

सिरसाळ्याला नेले. अण्णांनी घातले आणि म्हणाले, "एका बाजूनं आवाजच न्हाई. दुकानदारानं फसिवलं तुला."

परत आणले. हनुमाननं लावून बघितले. दोन्ही बाजू चालू. तरी बिचाऱ्यानं बदलून दिले, आता जास्त दणक्याचे दिले. ते नेले तर, "ह्याच्यात नुस्तं घूं घूं होतंय. जिनिंगच्या मशीनवानी." मग दाजींनी स्वतःचे काढून दिले, ज्यावर ते क्रिकेट ऐकतात. तेही खराब निघाले. म्हणजे अण्णांच्या मते.

मला हसू येत होतं, बाळू, आणि रागही. सिरसाळ्यातले शेजारी म्हणतात, अण्णांचा टीव्ही पार चावडीपर्यंत ऐकू येतो. वय झालंय, दुसरं काय. मायला त्यांच्याकडून सगळं बरोबर करून घेता यायचं. तिच्या त्या बोलण्याच्या सवयीवरून आपण किती हसायचो, आठवतं? मी म्हणायचे, अण्णा, शाळेची सहल आहे. की ती लगेच त्यांच्या हाताला हात लावून, तोंडासमोर जाऊन म्हणायची, "ऐका, वनी म्हणती सहल हाय तिच्या शाळेची." प्रत्येक गोष्ट दोनदा. तू तिची नक्कल करायचास.

रविवारी त्यांनाच परळीला आणते. दुकानात बसवते आणि म्हणते, अण्णा, तुमच्या कानाला पसंत पडेल ते घ्या. एकदाचं मिटू दे.

तुझं गाण्याचं कसं चाललंय? म्हाळू म्हणाला, पिंपरीला एका पार्टीत आहेस आणि दिवसा गोदामात काम करतोस. जेवणाचं काय करतोस ते तो सांगू शकला नाही.

आक्का


परळी वैजनाथ
१० फेब्रुवारी

बाळू,

दुकानात जाऊन आलो. इअरफोन घेतले नाहीत.

का ते लिहिता येत नाही. अण्णांनी शपथ घातली आहे, आणि तीही मायची. काळजी करण्यासारखं काही नाही. अंबाजोगाईला एकदा जाऊन यायचं आहे, किरकोळ काम आहे.

तू फक्त एक कर. एखादा दिवस फोन कर. मला नको, त्यांना कर. आणि ते "हां, हां" म्हणाले, किंवा भलतंच काही बोलले, तर ठेवून देऊ नकोस.

एवढंच.

वनिता


परळी वैजनाथ
४ मार्च

प्रिय बाळू,

आज मी शपथ मोडते. माय असती तर आता तिनंही मोडली असती असं मला वाटतं. पण ती बोलली नाही आणि गेली, म्हणून हे माझ्याकडे आलं.

त्या रविवारी अण्णांना हनुमानच्या दुकानात स्टुलावर बसवलं. त्यांनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता, जणू कुणाच्या घरी पाहुणे निघालेत. हनुमान एकामागून एक पाकीट फोडत होता, त्यांच्या कानात घालत होता, आणि ते मान हलवत होते. खराब. हेबी खराब. गिऱ्हाईकं जमली. एक पोरगी तोंडाला रुमाल लावून हसली. अण्णांनी तिला हसताना बघितलं.

पुढचा जोड हनुमाननं त्यांच्या कानात घातला आणि वायर सोडवत बसला, गुंता झाला होता. आणि अण्णा डोलायला लागले, बाळू. मांडीवर बोटांनी ठेका धरला. माझ्याकडं बघून जोरात म्हणाले, "आता येतंय! झकास हाय. हेच घे."

पिन हनुमानच्या हातातच होती. कशालाच लावलेली नव्हती.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांच्या पाठीमागं जाऊन बऱ्यापैकी मोठ्यानं हाक मारली, "काका!" अण्णा डोलतच होते. जमलेल्या लोकांना त्यानं हातानंच जा म्हणून खुणावलं. "ताई, माल माझा ठीक हाय," एवढंच हळू म्हणाला. हळू बोलायचीही गरज नव्हती.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर यंत्र देतात, आवाज आला की बटन दाबायचं. अण्णांनी पहिल्यापासून धडाधड बटन दाबलं. डॉक्टरीणबाई बाहेरून त्यांच्याकडं बघत होत्या. त्या उठून आत गेल्या आणि खुर्ची भिंतीकडं फिरवली. बाईंच्या हाताची हालचाल अण्णांना दिसायची बंद झाली, तसं बटनही गप्प झालं.

उजव्या कानाच्या पडद्याला भोक आहे, त्यातून पाणी येतं. त्या कानाला जवळजवळ काही नाही. डाव्याला बारीक, वरचे आवाज येत नाहीत. जाडे, खालचे आवाज थोडे येतात. "हे आजचं नाही," बाई म्हणाल्या, "वीसेक वर्षांचं तरी असेल. कुठं काम करत होते?" मी सांगितलं, कापसाच्या जिनिंगवर, मशीनपाशी. त्यांनी पुढं विचारलं नाही. ऐकण्याचं यंत्र मिळेल, पण त्यासाठी दाखला काढावा लागेल. अण्णा उठून उभे राहिले. "कागदावर बहिरा लिहिणार का मला?" सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू गेलं.

परतीच्या एसटीत त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं ते कानात सांगतायत. आख्खी गाडी ऐकत होती, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

"मशीनवरला माणूस बहिरा झाला की त्याला काढून यार्डात टाकायचे, गठाण वढायला. म्हणून मी बोललो न्हाई. तुझ्या मायला तेवढं म्हाईत होतं. तीच सगळ्यायचं मला सांगायची. पुन्हा सवयच लागली, वने. लोकायच्या तोंडाकडं बघायचं, ते हासले की हासायचं."

म्हणून ती सगळं दोनदा सांगायची. आणि म्हणून ती गेल्यावर तीन महिन्यांत आपला बाप उघडा पडला.

मग ते सात वर्षांपूर्वीच्या त्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाबद्दल बोलले. मी विचारलं नव्हतं. बाळू, हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"बाळू स्टेजवर चढला, मला पुढं बसिवलं. स्पीकरचा बॉक्स माझ्या समोर. कानात नुस्ता ठणका. अन् सगळे लोक माझ्याकडंच बघायलेत. कावून बघतेत ते कळंना. कवा मान हलवायची, कवा टाळी वाजवायची, काहीच कळंना. घाम फुटला मला. म्हणून उठलो. घरी आल्यावर तुझी माय रडली. म्हनली, आवं, गाणं तुमच्यावर होतं. तुमच्या हाताचं गाणं केलतं लेकरानं."

मी म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी बाळूनं, मधेच का उठलात, असं विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?

"त्यानं काय इचारलं तेच मला ऐकू आलं न्हाई. मी म्हनलो, ठीक हाय, कामाचं बघ."

त्यावर तू काय बोललास ते आपल्या दोघांना माहीत आहे. तू पिशवी उचलून घर सोडलंस तेव्हा मी दारात होते. तेव्हा मला तुझंच बरोबर वाटलं होतं.

आता इअरफोनचं. पुन्हा दुकानात गेले, एकटी. बोंडाचे चालणारच नव्हते, कानात काही घालायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. मग डोक्यावरून घ्यायचे, कान पुरा झाकणारे, गादीचे. तसे वायरचे दोनच निघाले. एक जड, लाल लाईट लागणारा. दुसरा हलका, साधा काळा. कुठला घ्यावा कळेना. मी पर्समधला कापूस दोन्ही कानांत कोंबला आणि एकेक लावून बघितला. दुकानात बाई कानात कापूस घालून बसलीय, येणारे जाणारे बघत होते. बघू दे. लाईटवाल्यात गादी कडक होती, कानापाशी फट राहायची आणि जाडा आवाज तिथून निघून जायचा. काळ्यात तो आत राहत होता. तो घेतला. हनुमाननं आणखी एक केलं. गाणी कॉम्प्युटरवर घेऊन दोन्ही बाजूंचा आवाज एक करून दिला, कारण अण्णांना एकच कान आहे, त्यात अर्धं गाणं नको. बारीक आवाज उतरवून जाडा चढवला. मोठा आवाज लावू नका, उरलंय ते जाईल, हे त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

काल संध्याकाळी सिरसाळ्याला नेला. अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्या डोक्यावर तो चढवला आणि तुझं तेच गाणं लावलं.

त्यांचा चेहरा बदलला, बाळू. खोटं डोलणं आता मला ओळखता येतं. हे तसं नव्हतं. बोट उचललं त्यांनी. "ढोलकी!" म्हणाले. "म्हाळूची हाय. लई झाक वाजिवतो."

मी समोर बसले. ते ऐकत होते. कडवं गेलं, दुसरं गेलं. मला बाहेर बारीक तुझा आवाज येत होता, तो वरचा, जो लागला की माय पीठ मळायची थांबायची. अण्णा शांत बसून होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"बाळू कवा सुरू करतो?"

गाणं संपायला आलं होतं. मी म्हणाले, करेल. ते पुन्हा वाट बघायला लागले. ढोलकी थांबली. त्यांनी हेडफोन काढला नाही, तसेच बसून राहिले. मग पुढचं गाणं लागलं.

तुझा आवाज त्यांच्या कानाला मिळतच नाही. फार वर आहे. पण बाई म्हणाल्या होत्या, खालचं थोडं येतं. म्हणून मी हे सगळं लिहिलं. तेच गाणं एकदा खालच्या पट्टीत गा. तुला आवडणार नाही, घोगरं वाटेल, तरी गा. पेटी नको, ढोलकी नको, नुसता तू. म्हाळूच्या मोबाईलवर पाठव, मी प्लेअरमध्ये भरून घेईन. सुरू केलंस की आधी "अण्णा" म्हण, म्हणजे त्यांना कळेल आता तू आलास.

लवकर कर. बाई म्हणाल्या, जे आहे ते किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

तुझी आक्का


सिरसाळा
६ एप्रिल

प्रिय बाळू,

हे पत्र सिरसाळ्याहून लिहितेय. मी सध्या इथंच आहे.

मार्चच्या मध्याला अण्णांना ताप आला. मोठा. अंबाजोगाईला ठेवावं लागलं. ताप उतरला, अंगात ताकदही येतेय, पण डाव्या कानात जे थोडं होतं ते परत आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी स्वतः हेडफोन घातला, प्लेअर चालू केला, आवाज पुरा चढवला. मग काढून, वायर नीट गुंडाळून माझ्याकडं दिला. "ने वापस," म्हणाले. "चांगला हाय. कुणालातरी उपयोगी पडंल."

मी तुला कळवलं नाही. खालच्या पट्टीतलं गाणं आलं नव्हतं, आणि आता आलं असतं तरी काय, असं झालं होतं मला. तुझ्यावर रागही होता, खोटं कशाला बोलू. म्हाळूनं मग सांगितलं की तू खोली बदललीस आणि मार्चचं पत्र जुन्या मालकाकडं पडून होतं. तुला ते परवाच मिळालं.

म्हणजे मिळाल्या मिळाल्या तू फोन लावलास.

परवा दुपारी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, म्हणून सगळं लिहिते. बाहेर पोरं जयंतीच्या पताका लावत होती. अण्णा दारात बसून बघत होते. त्यांचा फोन आता आम्ही थरथरणारा करून दिलाय, सदऱ्याच्या खिशात असतो. तो थरथरला तसा त्यांनी काढून माझ्याकडं दिला, हल्ली तसंच करतात. अनोळखी नंबर. मी घेतला, आणि तिकडून "अण्णा?" आलं.

सात वर्षांनी तुला बोलताना ऐकलं मी; माय गेली त्या दिवशीही आपलं बोलणं झालं नव्हतं. आणि आवाज खालचा होता. तू मुद्दाम खाली आणला होतास, हो ना?

मी अण्णांच्या समोर गेले, त्यांच्या हाताला हात लावला आणि ओठ मोठे करून म्हणाले, बाळू. त्यांना आधी पटलं नाही. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी फोन घेतला आणि डाव्या कानाला लावला. नेम चुकल्यासारखा, थोडा वर.

"बोल," म्हणाले.

तू बोलत असशील. ते हूं, हूं करत होते. जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबत होते, पुन्हा हूं म्हणत होते. इतकी वर्षं असंच केलंय त्यांनी, कुणालाही फसवू शकले असते. मग हूं म्हणायचं थांबवलं. पताका लावणारी पोरंही वळून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं ते म्हणाले,

"मला ऐकू येत न्हाई, बाळू. काहीच ऐकू येत न्हाई. पण तू बोल."

हे तू ऐकलंस. त्यानंतर तू रडलास की गायलास की काय केलंस, मला माहीत नाही, त्यांनाही नाही. मला सांगू नकोस. मी फोन मागितला नाही.

पण थोड्या वेळानं फोन कट झाला. आपल्या दारात रेंज कशी जाते तुला माहीत आहे. मला पडदा काळा झालेला दिसला. अण्णांना कळलं नाही. ते बोलतच होते, आणि मी थांबवलं नाही. ते बोलले ते तुझ्यासाठी होतं आणि तुला मिळालं नाही. म्हणून हे पत्र.

ते म्हणाले, "लिंबागणेशला तुझा कार्यक्रम झालता, तवा मी आलतो. तुला म्हाईत न्हाई. मायलाबी सांगितलं नव्हतं. माणसायच्या मागं उभा होतो, झाडाखाली. तू गाताना तुझ्या गळ्याची शीर फुगती, ती दिसत होती. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, ती रडायली होती. मला वाटलं, चांगलंच गात असल."

मग थांबले, हूं म्हणाले.

मग म्हणाले, "माय गेली त्या दिवशी तू आलता. सगळं उरकल्यावर माझ्यापाशी आला अन् कायतरी इचारलंस. मला वाटलं, च्या घेता का म्हनतो. मी न्हाई म्हनलो. तू तसाच वळला अन् गाडीत बसला. मी मागून हात केला, पण तू बघितलं न्हाई." इथं त्यांनी फोन कानाला आणखी दाबला. "तू च्याचं इचारलं नव्हतंस. ते मला रातच्याला कळलं. काय इचारलं होतंस, बाळू?"

आणि ते उत्तराची वाट बघत बसले, फोन कानाला धरून. बराच वेळ. मी शेवटी हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. "काय म्हनला?" त्यांनी मला विचारलं. मायनं काहीतरी सांगितलं असतं. मला सांगता आलं नाही.

त्या दिवशी मी बायांमध्ये होते, तुमचं बोलणं मला ऐकू आलं नव्हतं. तू काय विचारलंस ते फक्त तुला माहीत आहे. तुला सुट्टी मिळेल तेव्हा ये, नाही मिळाली तर नको येऊस, त्यावर मी काही म्हणत नाही. पण तू जे विचारलं होतंस ते पुन्हा विचार. कागदावर लिही. अण्णा चौथी शिकलेत, त्यांना वाचता येतं.

अक्षर मोठं काढ.

आक्का